जुन्या हर्क्युलसला कॅलिपर ब्रेक: प्रकल्प नोंदी

7 मे 2023, रविवार

वडिलांची हर्क्युलस सायकल आज मागच्या पडवीतून अंगणात आणली आणि रॉकेलच्या फडक्याने पुसून काढली. फ्रेम 24 इंची, काळी. आडव्या नळीवरची सोनेरी रेघ अजून दिसते आणि मागच्या मडगार्डवर नगरपालिकेचा 1971-72 सालचा पितळी बिल्ला स्क्रूने घट्ट बसलेला आहे, त्यामुळे सायकल निदान तेवढी जुनी आहे हे नक्की. 1949 मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सने मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस बनवल्या, त्याच घराण्यातली ही. नळ्या सरळ आहेत, सांध्यांना कुठेही तडा नाही, गंज वरवरचा आहे.

हेतू एकच आहे. यंदाच्या पावसाळ्यात साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून जायचे आणि त्याच घाटाने याच सायकलीवरून खाली यायचे. चढण्याची चिंता नाही, दम लागला तर ढकलत नेता येते. उतरताना मात्र सायकल हवी तिथे थांबली पाहिजे आणि सध्या ती थांबत नाही. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर खडूची रेघ मारून, फोनवर वेग बघत, ताशी 20 किलोमीटर वेगाने रेघेपाशी दोन्ही ब्रेक दाबले, तेव्हा कोरड्या रस्त्यावर सायकल साधारण 9 मीटरवर थांबली. मग दोन्ही रिमांवर बादलीभर पाणी ओतून तेच केले, तर 19 मीटर लागले आणि त्यातले पहिले 5-6 मीटर तर आपण ब्रेक दाबला आहे की नाही हेच कळत नव्हते.

दोष सळयांचा नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण या ब्रेकांना नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे. हँडलखालच्या दांडीपासून सळई खाली येते, पुढच्या चाकाभोवतीच्या नालेच्या आकाराच्या पट्टीला वर खेचते आणि पट्टीवरची दोन रबरे रिमच्या आतल्या बाजूवर, म्हणजे हबकडे (चाकाच्या मधल्या तुंब्याकडे) तोंड असलेल्या भागावर दाबली जातात. मागे तेच काम पॅडलच्या आसाजवळच्या कोपऱ्यातून वळून जाणाऱ्या सळया करतात. सळई केबलसारखी ताणत नाही, आत गंजून अडकत नाही आणि पन्नास वर्षे टिकते. खरी अडचण रिमची आहे. क्रोम चढवलेल्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसला की रबर त्यावरून घसरत राहते, आणि हा थर पुसला जाईपर्यंत चाकाचे अनेक फेरे होतात. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही रबराची पकड पुष्कळ टिकते. म्हणजे ब्रेक बदलायचे तर रिम बदलणे आलेच, आणि रिम बदलली की बाकी सगळे हिशेब बदलतात.

स्वतःला घातलेली अट अशी की फ्रेमला वेल्डिंग करायचे नाही, तापवायचे नाही आणि काढलेली प्रत्येक वस्तू क्रमांकाची चिठ्ठी लावून तेलाच्या डब्यात ठेवायची, म्हणजे उद्या कोणाला वाटले तर एका दिवसात जुने ब्रेक परत चढवता येतील.

14 मे 2023, रविवार

आजचा सगळा दिवस पट्टी, व्हर्नियर आणि कागद यांच्यात गेला, आणि प्रकल्पाचे भवितव्य याच कागदावर ठरणार असल्यामुळे तो सत्कारणी लागला असे मी समजतो.

जुन्या 28 × 1½ टायरची रिम जिथे टायर धरून ठेवते तिथला तिचा व्यास 635 मिलिमीटर असतो. हल्लीच्या 700C चाकाचा तोच व्यास 622 आहे. दोन्ही आकडे सायकलच्या दुकानात कोणी तोंडाने सांगत नाही, सगळे ‘अठ्ठावीस’ म्हणूनच विकले जाते, आणि त्यामुळे पुष्कळ लोक चुकीचे टायर घरी आणतात. व्यासात 13 मिलिमीटरचा फरक म्हणजे त्रिज्येत साडेसहाचा; म्हणजे नव्या रिमचा काठ ब्रेकच्या भोकापासून साडेसहा मिलिमीटर आणखी दूर जाणार. कॅलिपर ब्रेक म्हणजे केबलने आवळला जाणारा चिमटा, त्याच्या दोन हातांवरची रबरे रिमच्या दोन्ही बाजूंवर दाबली जातात; हे हात तेवढे लांब हवेत.

पुढच्या फोर्कच्या माथ्यावर मडगार्डचा बोल्ट जातो ते 6 मिलिमीटरचे भोक आयतेच आहे. आसाच्या मध्यापासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा 381 आले. त्यातून 622 चे निम्मे, म्हणजे 311 वजा केले की उरतात 70 मिलिमीटर. लांब हातांचे जे दोन खिळींचे कॅलिपर आज मिळतात, त्यांतला टेक्ट्रोचा आर-559 हा 55 ते 73 मिलिमीटरपर्यंत पोचतो. पुढचा प्रश्न सुटला, जेमतेम का होईना.

मागे तसे नशीब नाही. सीटखालून आसाकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांना जोडणारा जो आडवा तुकडा असतो (याला यापुढे ब्रिज म्हणतो), त्याच्या भोकापासून आसापर्यंत 395 भरले, वजाबाकी 84. कॅलिपर 11 मिलिमीटर तोकडा पडतो.

जुन्या रोडस्टरचे, म्हणजे या जातीच्या सायकलीचे, मागचे चाक मागे उघडणाऱ्या खाचांमध्ये बसते आणि चेन ताणण्यासाठी पुढे-मागे सरकवता येते, ही गोष्ट रात्री जेवताना लक्षात आली. चेनची एक पूर्ण जोडी, म्हणजे एक इंच, काढली तर आस अर्धा इंच पुढे सरकतो. ब्रिज आसाच्या वर आणि थोडा पुढे असल्यामुळे चाक पुढे गेले की ते ब्रिजच्या जवळही जाते. ताटावरून उठून मोजले: 84 चे 79 झाले. उरलेले 6 मिलिमीटर कसे भरायचे, ते नंतर पाहू.

21 मे 2023, रविवार

चाके. जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाला 32 आरे आणि मागच्याला 40 असतात. 32 भोकांची 700C रिम सहज मिळते, म्हणून पुढचा मूळ हब ठेवता आला, आणि ते बरेच झाले, कारण फोर्कच्या टोकांमधले अंतर 92 मिलिमीटरच आहे आणि आजचे पुढचे हब 100 चे असतात. फोर्क ताणून रुंद करणे मला नको होते. हब उघडल्यावर जुने ग्रीस मेणासारखे सुकलेले निघाले. गोळ्या ज्यांवर फिरतात ते आसावरचे कोन (शंकू) गुळगुळीत आहेत. गोळ्या नव्या टाकल्या, ग्रीस नवे भरले.

40 भोकांची ॲल्युमिनियमची रिम मात्र शोधूनही सापडली नाही, म्हणून मागे 36 भोकांचा एका वेगाचा नवा हब घेतला, 110 मिलिमीटर रुंदीचा. फ्रेमच्या खाचांमध्ये तो एका वॉशरने चपखल बसतो. फ्रीव्हील 18 दात्यांचे जुनेच चढवले.

आरे भरण्याचे काम गावातल्या ज्या मिस्त्रींकडे लहानपणापासून जातो त्यांच्याकडे दिले. त्यांनी फ्रेमकडे पाहून विचारले, “दादा, एवढ्या खर्चात नवी सायकल आली असती की.” मी म्हटले, येईल, पण ती ही नसेल. त्यांनी मान हलवली आणि पुढे एक शब्द न बोलता चाकाचा आऊट इतका नेमका काढला की रिमच्या बाजूला धरलेले नख आख्ख्या फेऱ्यात एकदाही घासले नाही. कॅलिपरला हे अत्यावश्यक आहे. सळईच्या ब्रेकला चाक बाजूने थोडे लहरले तरी चालते, कारण रबर आतून दाबते. कॅलिपरची रबरे दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटरवर उभी असतात.

4 जून 2023, रविवार

मूळ हँडल आणि त्याचा खुंट एकाच तुकड्यात आहेत आणि सळयांच्या दांड्या हँडलला पितळेने कायमच्या जोडलेल्या आहेत, म्हणून ते पूर्ण काढावे लागले. खुंटाचा व्यास व्हर्नियरवर 22.2 मिलिमीटर आला. त्याच मापाचा नवा खुंट आणि मागे वळलेले ॲल्युमिनियमचे हँडल बसवले. जुने हँडल तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहे. पॅडलच्या कॉटर खुंट्या ठोकून काढण्याचा मोह झाला होता, पण तो या प्रकल्पाचा विषय नाही.

आज माझ्या हातून एक चूक झाली. मी घरात आधीच पडून असलेले लिव्हर लावले, पुढचा कॅलिपर नुसताच भोकात अडकवून केबल जोडली आणि दाबून पाहिले, तर लिव्हर दगडासारखा कडक लागला. रबरे रिमला चटकन टेकली, पण कितीही आवळले तरी चाक हाताने फिरवता येत होते. अर्धा तास केबलला दोष देत बसलो. शेवटी लिव्हर उलटा करून पाहिला आणि उलगडा झाला: ते व्ही-ब्रेकचे, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या केबल-ब्रेकचे, लिव्हर होते. व्ही-ब्रेकचे हात लांब असतात, म्हणून त्यांचा लिव्हर केबल जास्त खेचतो पण जोर कमी देतो. कॅलिपरला उलट हवे, केबल थोडी आणि जोर पुष्कळ. दोन्ही बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक पाहायचा तर लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिच्यापासून केबलची गुंडी किती दूर आहे ते पाहावे. कॅलिपरच्या लिव्हरमध्ये ती बरीच जवळ असते. कॅलिपरचे लिव्हर पुण्याहून मागवले आहेत.

10 जून 2023, शनिवार

आज फ्रेमला, नेमके सांगायचे तर फोर्कला, ड्रिल लावले. अट मोडली का, याचा विचार आठवडाभर केला. जुन्या पद्धतीच्या कॅलिपरचा बोल्ट माथ्यातून आरपार जाऊन मागे साध्या नटाने आवळला जात असे आणि त्याला 6 मिलिमीटरचे भोक पुरे. नव्या कॅलिपरचा नट लांब नळीसारखा असतो आणि माथ्याच्या मागच्या भिंतीत शिरून आत बोल्टला भेटतो, म्हणून मागचे भोक 8 मिलिमीटर लागते. मडगार्डचा मूळ बोल्ट मोठ्या वॉशरने त्याच भोकात पुन्हा बसू शकतो, एवढ्या आधारावर मी स्वतःला परवानगी दिली.

फोर्क काढून लाकडी ठोकळ्यांमध्ये उलटा धरला, म्हणजे लोखंडाचा चुरा वरच्या नळीत जाऊन बसणार नाही. आधी साडेसहाचे, मग 7 चे आणि शेवटी 8 चे बिट, हातड्रिलने, दर काही फेऱ्यांनी तेलाचा थेंब टाकत. माथ्याची मागची भिंत संपून बिट फोर्कच्या मधल्या नळीच्या बुडाला टेकले तेव्हा आवाज बदलला, किरकिरीचा घुमारा झाला. तिथे थांबून, भोक सरळ जाते आहे ना हे पाहण्यासाठी 8 मिलिमीटरची गोल सळई आत घालून पाहिली. सळई फोर्कच्या दोन्ही पायांपासून सारख्या अंतरावर होती. पुढच्या भिंतीतले भोक मुद्दाम 6 चेच ठेवले आहे, कारण बोल्टला बाजूने खेळायला जागा मिळता कामा नये. उघड्या पडलेल्या धातूवर लगेच रेड ऑक्साइड लावले.

माथा पुढून गोलाकार आहे आणि कॅलिपरची पाठ सपाट, म्हणून मध्ये एका बाजूने खोलगट असलेला वॉशर हवा. तो ब्रेकबरोबर येतो, पण त्याची खोलगट बाजू माथ्यापेक्षा कमी वळलेली होती. अर्धगोल कानशीने घासत आणि माथ्यावर काजळ लावून तो कुठे टेकतो हे बघत बसवला. या एका वॉशरला दीड तास लागला. कॅलिपर आता आवळला की हलत नाही.

18 जून 2023, रविवार

पाऊस अजून आला नाही. यंदा लांबला आहे, आणि या कामापुरते ते माझ्या पथ्यावर पडले.

मागचे 79 मिलिमीटर. यावर जुना उपाय आहे तो कॅलिपर खाली उतरवणाऱ्या पट्टीचा: वरच्या भोकाने पट्टी ब्रिजला बांधायची, खालच्या भोकात कॅलिपर लावायचा. हा उपाय पुढच्या चाकाला मी कधीच करणार नाही, आणि त्याचे कारण नीट लिहून ठेवण्यासारखे आहे. चाक फिरताना रिमचा वरचा भाग पुढच्या दिशेने जात असतो, त्यामुळे रबरे पकडली की रिम कॅलिपरला आपल्याबरोबर पुढे ओढते. पुढचा कॅलिपर फोर्कच्या पुढे बसतो, म्हणून ही ओढ त्याला माथ्यापासून सोडवू पाहते आणि सारा ताण बोल्टवर येतो. तिथे पट्टी घातली तर ती प्रत्येक ब्रेकला वाकू पाहील, आणि ती तुटून कॅलिपर आऱ्यांत गेला तर स्वार हँडलवरून पुढे जाईल. मागचा कॅलिपर ब्रिजच्या मागे असतो. तीच ओढ त्याला ब्रिजवर दाबते. शिवाय ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे मागच्या ब्रेकच्या वाट्याला मुळात कमी काम येते.

एका बोल्टवर टांगलेली पट्टी घड्याळाच्या लंबकासारखी डोलू शकते, ही दुसरी अडचण. म्हणून जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला: वरचा भाग दोन्ही नळ्यांच्या मधली जागा बरोबर भरून काढेल एवढा रुंद, खाली मधोमध बोटभर रुंदीची जीभ. नमुना तीनदा बदलावा लागला, कारण दोन्ही नळ्या वरून खाली किंचित फाकत जातात आणि डावी-उजवी बाजू अगदी सारखी नाही. तोच नमुना औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये 5 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यावर कापून घेतला. दोन भोकांच्या मध्यांतले अंतर 14 मिलिमीटर. म्हणजे कॅलिपरला आता 65 मिलिमीटर पोचायचे आहे, त्याच्या पल्ल्याच्या जवळजवळ मधोमध. कडा कानशीने मोडल्या, काळा रंग दिला. पट्टी नळ्यांच्या मध्ये हलक्या ठोक्याने बसते आणि बोल्ट न लावताही पडत नाही. दोन्ही बोल्टांना नायलॉनचे कडे असलेले नट लावले आहेत.

25 जून 2023, रविवार

आज पाऊस आला, दुपारी चारच्या सुमारास, आणि मी पडवीत बसून केबल ओढत होतो.

भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि या सायकलीच्या सळयाही तशाच होत्या, म्हणून केबलही तशीच नेली. फ्रेमवर केबलसाठी कसलीच सोय नाही. आडव्या नळीच्या खालून तीन क्लिपांनी केबलची बाहेरील नळी अखंड मागपर्यंत नेली आहे आणि क्लिपांखाली रंग खरवडू नये म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे घातले आहेत. बाहेरील नळी कापल्यावर आतल्या तारेच्या वेटोळ्याचे टोक आत दुमडले जाते. ते कानशीने सपाट करून, टोच्याने भोक उघडे केल्याशिवाय टोपण घालू नये. पुष्कळ ब्रेक याच एका टोकामुळे मऊ लागतात आणि दोष मात्र रबरांना दिला जातो.

रबरे लावताना त्यांची पुढची कड, म्हणजे फिरणारी रिम ज्या कडेपासून रबराच्या बाहेर पडते ती, मागच्या कडेपेक्षा सुमारे एक मिलिमीटर रिमच्या जवळ ठेवावी लागते, नाहीतर ब्रेक किंचाळतो. रबराच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्डाचा दुमडलेला तुकडा धरला, लिव्हर दोरीने आवळून बांधला, रबराचा नट घट्ट केला आणि मग तुकडा ओढून काढला. चारही रबरे अशीच लावली. रबराची वरची कड टायरला कुठेही लागत नाही ना, हे प्रत्येक चाक दोन फेरे फिरवून पाहिले. तिथे चूक झाली तर रबर टायरची भिंत कापून काढते.

2 जुलै 2023, रविवार

तोच रस्ता, तीच खडूची रेघ, तोच वेग. कोरडा रस्ता पावसामुळे मिळाला नाही, म्हणून ओल्याचीच चाचणी घेतली. पाच प्रयत्नांत सायकल साडेसहा ते साडेसात मीटरच्या मध्ये थांबली. पहिल्या प्रयत्नाला मागचे चाक घसरले, कारण माझ्या डाव्या हाताला अजून सळईच्या दांडीइतका जोर लावण्याची सवय आहे. टायर 38 मिलिमीटरचे आहेत, आणि ते व रिम दोन्ही पूर्वीपेक्षा लहान असल्यामुळे सायकल साधारण साडेआठ मिलिमीटरने खाली बसली आहे. वळताना पॅडल जमिनीला लागत नाही, तेवढी उंची या फ्रेममध्ये मुळातच आहे.

पुढचा ब्रेक हलकासा किंचाळतो. उजव्या रबराचा तिरकेपणा कमी पडला होता. पोस्टकार्ड आणखी एकदा दुमडून पुन्हा लावले, आवाज गेला.

9 जुलै 2023, रविवार

सकाळी सहाला समर्थ मंदिरापासून निघालो. यवतेश्वरापर्यंत दोनदा उतरून चाललो, हे लपवण्याचे कारण नाही. वर धुके होते आणि रस्ता पूर्ण ओला.

उतरताना सतत ब्रेक घासत ठेवण्याऐवजी वळणाआधी दोन्ही दाबून वेग तोडायचा आणि वळणात सोडून द्यायचे, असे ठरवले होते आणि बहुतेक वळणांवर ते जमले. तिसऱ्या मोठ्या वळणावर समोरून एसटी आली. मी कडेला पूर्ण थांबलो, पाय टेकवला, आणि गाडी जाईपर्यंत मागच्या पट्टीकडे वाकून पाहिले. ती जागची हलली नव्हती. खाली पोचल्यावर पुढच्या रिमला हात लावला तर ती कोमट होती. मागच्या लिव्हरचा पल्ला सकाळपेक्षा जरा वाढला होता, म्हणजे नवी केबल बसत होती. कॅलिपरवरची खाचांची गुंडी दोन फेरे सोडली आणि तो जागेवर आला.

पुढच्या मडगार्डची डावी तार खड्ड्यात खडखडते आहे. मडगार्डचा वरचा पत्रा आता कॅलिपरच्या नटाखाली धरला आहे आणि जुन्या भोकापेक्षा तो थोडा मागे बसला आहे, त्यामुळे तार 4 मिलिमीटर लांब पडते. पुढच्या रविवारी ती कापून नवे आटे पाडायचे आहेत.